पुनरावृत्त उच्चार आणि त्याचा अर्थ

सँप्लर या नावाने ओळखले जाणारे यंत्र भोवतालचा कोणताही ध्वनी टिपून घेते, त्याचा हवा तेवढा खंड पाडते आणि तो निरनिराळ्या स्वरांवर वाजवू देते. लूपर हे यंत्र असा खंड अखंड फिरता ठेवते. आज ही दोन्ही कार्ये खिशात मावेल अशा एकाच उपकरणात एकत्र आलेली आढळतात. स्वीडनमधील ‘टीनेज इंजिनिअरिंग’ या कंपनीचे २०१८ मधील ‘पीओ-३३’ हे त्याचे सुबोध उदाहरण होय. दोन लहान विद्युत्‌घटांवर चालणाऱ्या या यंत्रात ध्वनिग्राहक अंगचाच असतो आणि १६ ध्वनींना जागा असते. परंतु सर्वांची मिळून स्मृती अवघी ४० सेकंदांची असते.

असे यंत्र नित्य बाळगणाऱ्याचे ऐकणे हळूहळू निवडीचे होऊन जाते. दाराची करकर, फेरीवाल्याची आरोळी, घरातील कोणाचे अर्धे वाक्य, यांपैकी काय ठेवावे आणि काय पुसावे, हे त्याला पदोपदी ठरवावे लागते. यांतील पहिला ध्वनी केवळ ध्वनी आहे. उरलेले दोन मात्र भाषा आहेत. भाषेचा खंड फिरता ठेवला असता त्याचे काय होते, हा प्रश्न भाषाभ्यासकाच्या कक्षेत येतो तो येथे.

यामागील तत्त्व जुनेच आहे. १९४८ साली पॅरिसमध्ये पिएर शेफर यांनी ध्वनिमुद्रिकेवर स्वतःतच मिटणारी खाच योजून एकच ध्वनी पुनःपुन्हा ऐकण्याची सोय केली. अशा आवर्तनाने ध्वनी आपल्या उगमापासून सुटा होतो, हे त्यांच्या ध्यानी आले. उच्चाराच्या बाबतीत याहून चमत्कारिक गोष्ट घडते. १९९५ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डायना डॉइच यांना असे आढळले की, बोललेल्या वाक्यातील लहानसा खंड जसाच्या तसा अनेकदा ऐकला, तर तो बोलल्यासारखा न वाटता गायल्यासारखा वाटू लागतो. २०११ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, प्रत्येक आवर्तनात सूर किंचित वरखाली केला अथवा अक्षरांचा क्रम बदलला, तर हा पालट होत नाही, असे दिसून आले.

तेव्हा कारण निव्वळ पुनरावृत्ती नव्हे, तर तंतोतंत पुनरावृत्ती होय. आणि ती मनुष्याच्या वाणीला साधत नाही. एकच शब्द तोच माणूस दोनदा उच्चारतो, तेव्हा सूर, आघात व काल यांत सूक्ष्म भेद राहतोच. आपल्याकडे स्वतंत्र तबलावादनात सारंगी वा हार्मोनियम वाजविणारा एकच लेहरा सतत धरून ठेवतो. तोही एका अर्थी आवर्तकच. परंतु तबलजीच्या चालीकडे त्याचे लक्ष असते. रियाझासाठी वापरले जाणारे लेहऱ्याचे यंत्र असे लक्ष देत नाही. त्याचप्रमाणे लूपरमध्ये फिरणारे वाक्य कोणालाही उद्देशून बोललेले राहत नाही. बोलणारा, ऐकणारा आणि प्रसंग हे तिन्ही गळून पडतात. उरतात ते स्वर, व्यंजने आणि लय.

या गळतीत काय पणास लागते, हे स्टीव्ह राइक यांच्या १९६६ मधील ‘कम आउट’ या रचनेवरून कळते. हार्लेममधील सहा कृष्णवर्णीय तरुणांच्या खटल्याची फेरसुनावणी व्हावी, यासाठी योजिलेल्या साहाय्यार्थ कार्यक्रमाकरिता ती सिद्ध झाली. त्यांपैकी एकाने पोलिसांच्या मारहाणीविषयी काढलेले उद्गार हेच तिचे द्रव्य. आरंभी ते वाक्य पूर्ण ऐकू येते. नंतर त्याचा एक खंड दोन फितींवर फिरू लागतो, फिती एकमेकींपासून सरकत जातात आणि अखेरीस शब्द ओळखू येईनासे होतात. तथापि, आपण काय गमावीत आहोत हे श्रोत्याला ठाऊक असते, कारण साक्ष त्याने आधी ऐकलेली असते.

४० सेकंदांच्या स्मृतीत असे पूर्ण वाक्य बहुधा ठेवले जात नाही. कानाला रुचलेला खंड तेवढा उरतो. त्यातून संगीत निर्माण होते, यात शंका नाही, आणि उच्चारात मुळातच दडलेला सूर त्यामुळे प्रत्ययास येतो, हा लाभही लहान नव्हे. मात्र तो खंड कोणाच्या तरी बोलण्याचा आहे, ही जाणीव यंत्र राखीत नाही. ती राखण्याचे काम यंत्र बाळगणाऱ्याकडेच राहते. त्याने मूळ वाक्य निदान एकदा पूर्ण ऐकावे, ते कोणाचे आहे याची नोंद ठेवावी आणि शक्य तेथे बोलणाऱ्याची अनुमती घ्यावी. मग ते खुशाल फिरू द्यावे.