खेळाडूंनी भाताशी वैर का धरावं?

पोलीस भरतीच्या मैदानावर, तालमीत, जिममध्ये, सगळीकडे एकच सल्ला ऐकू येतो: 'पोळी-भात बंद कर, प्रोटीन वाढव.' समोरचा रोज पहाटे दहा किलोमीटर पळणारा असो, कबड्डीपटू असो की वेटलिफ्टर, सल्ला तोच. मग पोरं रात्री नुसती उकडलेली अंडी खाऊन झोपतात आणि सकाळी पाय जड झाले की 'माझ्यात दमच नाही' म्हणून खचतात. दम असतो. स्नायूंना जाळायला जे लागतं, ते पोटात गेलेलं नसतं.

जोरात पळताना स्नायू मुख्यतः कर्बोदकं वापरतात. ती ग्लायकोजेनच्या रूपात साठतात: स्नायूंमध्ये साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, यकृतात सुमारे १०० ग्रॅम. चरबीचा साठा याहून कितीतरी मोठा, पण तिच्यातून ऊर्जा सावकाश सुटते आणि तेवढ्याच ऊर्जेसाठी ऑक्सिजन जास्त लागतो. प्रथिनांचं मुख्य काम झिजलेल्या स्नायूंची दुरुस्ती आणि वाढ. इंधन म्हणून त्यांचा वाटा किरकोळ.

यात नवं काहीच नाही. स्वीडनमध्ये योनास बर्गस्ट्रोम आणि सहकाऱ्यांनी १९६७ साली नऊ जणांना वेगवेगळा आहार देऊन थकेपर्यंत सायकल मारायला लावली. मिश्र आहारावर ते सरासरी ११४ मिनिटं टिकले, कर्बोदकांनी भरलेल्या आहारावर १६७ मिनिटं आणि नुसत्या चरबी-प्रथिनांवर ५७ मिनिटं. माणसं तीच, सायकल तीच, तरी हा फरक.

'ते जुनं झालं, आता कीटो आलंय', म्हणजे कर्बोदकं जवळपास बंद आणि भर चरबीवर, असं म्हणणाऱ्यांसाठी २०१७चा अभ्यास आहे. ऑस्ट्रेलियात लुईस बर्क यांनी जागतिक दर्जाच्या चालण्याच्या शर्यतपटूंना तीन आठवडे कडक सरावासोबत वेगवेगळे आहार दिले. कर्बोदकं खाणाऱ्यांची १० किलोमीटरची वेळ सुधारली. कीटोवाल्यांची चरबी जाळण्याची क्षमता वाढली खरी, पण ऑक्सिजनचा खर्चही वाढला आणि सरावाचा फायदा वेळेत दिसलाच नाही. शर्यत वेळेवर जिंकतात, चरबी किती जाळली यावर नाही, हे अजून किती वेळा सांगायचं?

मग भात किती खायचा? ते खेळावर आणि त्या दिवशीच्या सरावावर ठरतं. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन आणि अमेरिका-कॅनडाच्या आहारतज्ज्ञ संघटनांच्या २०१६च्या संयुक्त निवेदनात आकडे आहेत. हलका किंवा कौशल्याचा सराव, उदाहरणार्थ नेमबाजी, असेल तर दर किलो वजनामागे दिवसाला ३ ते ५ ग्रॅम कर्बोदकं. तासाभराचा मध्यम सराव असेल तर ५ ते ७. एक ते तीन तास दमवणारा सराव करणाऱ्या लांब पल्ल्याच्या धावपटूला ६ ते १०. कबड्डीत चढाई फक्त ३० सेकंदांची, पण अशा झटापटी पुन्हा पुन्हा होतात आणि त्यांनाही ग्लायकोजेनच लागतं. वेटलिफ्टरची गरज धावपटूपेक्षा कमी असते, शून्य नसते. विश्रांतीच्या दिवशी ताट थोडं हलकं करावं, एवढंच.

प्रथिनं हवीतच. त्याच निवेदनानुसार किलोमागे १.२ ते २ ग्रॅम. २०१८ साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये ४९ प्रयोगांचं एकत्रित विश्लेषण आलं. स्नायू वाढवण्याचा फायदा सुमारे १.६ ग्रॅमनंतर थांबतो, असं त्यात दिसलं. ६० किलोच्या मुलासाठी हे ९६ ग्रॅम झाले. ५० ग्रॅम सोयाबीन वडी, अर्धा लिटर दूध, १०० ग्रॅम कोरडी डाळ, चार ज्वारीच्या भाकऱ्या आणि मूठभर शेंगदाणे मिळून नव्वदच्या घरात जातात. घरच्यांनी पोटाला चिमटा काढून प्रोटीन पावडरचा महागडा डबा आणावा, असं यात काहीच नाही. पावडर सोयीची आहे. प्रवासात, घाईत उपयोगी पडते. ती घेतल्याशिवाय अंग भरत नाही, ही विक्रेत्यांची भाषा झाली.

काही किरकोळ समज. दुसऱ्या दिवशीची अंगदुखी लॅक्टिक अॅसिडमुळे नसते. ते तासाभरात निघून जातं. जिममध्ये ताकदीसाठी घेतात ते क्रिएटिन स्टेरॉइड नाही. पाणी जितकं जास्त तितकं चांगलं, हेही खोटं: २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी आढळलं आणि त्याचा ठळक संबंध अति पाणी पिण्याशी होता. घाम गाळून वजन उतरवणं म्हणजे चरबी उतरवणं नव्हे. १९९७ साली अमेरिकेत महाविद्यालयीन तीन कुस्तीगीर असंच वजन उतरवताना दगावले.

आणि एक समज मात्र अजिबात किरकोळ नाही. 'सराव जोरात चालू आहे म्हणून मुलीची पाळी थांबली, चालायचंच.' नाही, चालायचं नाही. बहुतेकदा सरावाच्या मानाने खाणं कमी पडल्याची ती खूण असते आणि पुढे हाडं ठिसूळ होऊन त्यांना तडे जाऊ शकतात. तिला डॉक्टरकडे न्या आणि तिच्या ताटातून काढलेला भात परत वाढा.