शाळेचा पैसा आणि आपली चौकशी



दिवाळी झाली की आपल्याकडे कापूस वेचायला माणसं पुरत नाहीत. मग सातवी-आठवीतली मुलगी चार दिवस घरी राहते, लहान भावाला सांभाळायला. चाराचे पंधरा होतात. परत वर्गात गेली की गणित पुढे निघून गेलेलं असतं. शाळा एका दिवसात सुटत नाही, ती अशी हळूहळू सुटते. ही गळती थांबवण्यासाठी सरकार पैसा देतं. तो कोणता आणि विचारायचं कुठे, ते आज सांगतो.

पहिला पैसा शाळेचा. २०१८ पासून समग्र शिक्षा ही योजना आहे. तिच्या १०० रुपयांत ६० केंद्राचे आणि ४० आपल्या राज्याचे. त्यातून शाळेला पटाप्रमाणे वार्षिक अनुदान ठरलेलं आहे: ३० मुलांपर्यंत १०,००० रुपये, त्यापुढे १०० पर्यंत २५,०००. त्यातला दहावा हिस्सा तरी स्वच्छतेवर खर्च व्हायला हवा. हे महत्त्वाचं आहे. स्वच्छतागृहाला कुलूप असेल, पाणी नसेल, तर मोठी मुलगी महिन्याचे चार दिवस घरीच बसते.

दुसरा पैसा अंतराचा. नियमाप्रमाणे प्राथमिक शाळा १ किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक ३ किलोमीटरच्या आत हवी. तशी नसेल, तर वाहतूक भत्त्याची सोय आहे, वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत. गावातल्या मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास मोफत आहे. अहिल्याबाई होळकरांच्या नावाची ती योजना. जिथे मानव विकास कार्यक्रम लागू आहे, तिथे शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी ५,००० रुपये मिळतात. ते बँकेच्या खात्यात येतात, म्हणून मुलीचं खातं आणि आधार जोडणी जूनमध्येच करून घ्या.

तिसरा पैसा हजेरीचा. पहिली ते चौथीच्या गरीब आणि मागास घरच्या मुलींना हजेरीच्या दिवसाला १ रुपया. ही योजना १९९२ ची. तेव्हा रुपयाला किंमत होती. आज एका दिवसाच्या वेचणीची मजुरी आणि हा रुपया शेजारी ठेवून पाहा, म्हणजे पोर घरी का राहते ते कळेल. म्हणूनच दुपारचं शिजवलेलं जेवण, गणवेश आणि मोफत पुस्तकं यांचा आधार मोठा आहे. पण जेवण आठवीपर्यंत, आणि शिक्षणहक्काचा कायदाही १४ वर्षांपर्यंत. खरी गळती त्यानंतर सुरू होते. नववीच्या उंबरठ्यावर घरच्यांनीच धीर धरायचा असतो.

शाळेला पैसा लागतो, ही गोष्ट आपल्या जिल्ह्याला नवी नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींनी वर्ध्यात शिक्षण परिषद घेतली. त्या काळी शाळांचा बराच खर्च दारूच्या करातून निघायचा. दारू बंद केली तर शाळा कशा चालणार, असं लोक विचारत. बापाच्या दारूवर लेकराची शाळा चालावी, हे गांधीजींना मान्य नव्हतं. त्या परिषदेने सात वर्षं सर्वांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण मागितलं. ते कायद्यात यायला २००९ साल उजाडलं.

आता चौकशी कुठे करायची? शाळा व्यवस्थापन समितीत. तिच्यात चारातले तीन सदस्य पालक असतात आणि निम्म्या बाया असाव्याच लागतात. अनुदान कुठे खर्च झालं ते पाहणं आणि शाळेचा विकास आराखडा करणं, हे समितीचंच काम आहे. पण कितीदा तरी आपण नुसती सही करून घरी येतो.

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की तीन प्रश्न लिहून घ्या. यंदा शाळेला किती अनुदान आलं? ते कशावर खर्च झालं? गावातली कोणती मुलगी पंधरा दिवसांपासून वर्गात नाही? पहिल्या दोघांचं उत्तर मुख्याध्यापकांकडे मागा. तिसऱ्याचं उत्तर आपल्यालाच माहीत असतं. तिच्या आईकडे दोघी-तिघी मिळून जा. वेचणीच्या दिवसांत लहान भावाला आळीपाळीने सांभाळता आलं, तर तेवढ्यानेही ती शाळेत जाईल.