घर दुसऱ्यांदा मोडू नये म्हणून

आईवडिलांच्या छायेस पारखे झालेले मूल बालगृहाऐवजी एखाद्या कुटुंबात वाढावे, या हेतूने कायद्याने प्रतिपालकत्वाची तरतूद केली आहे. ‘फॉस्टर केअर’ या नावाने जी व्यवस्था जगभर ओळखली जाते, तीच ही. मूल घरी कसे आणावे, अर्ज कोठे करावा, याची माहिती मिळू शकते; परंतु आणलेले मूल त्या घरात टिकावे कसे, याविषयी फारसे बोलले जात नाही. उत्साहाने मूल आणणारे कुटुंब काही महिन्यांतच थकून त्याला परत करू पाहते, तेव्हा त्या मुलाचे घर दुसऱ्यांदा मोडते. हे कसे टाळता येईल, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करीत आहोत.

दत्तक नव्हे, प्रतिपालकत्व

दत्तक घेतलेले मूल कायमचे आपले होते. प्रतिपालकत्वात मूल बाल कल्याण समितीच्या आदेशाने, काही काळासाठी, आपल्या घरी राहते. बालन्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ मध्ये याची चौकट दिली आहे. मुलाचा आहार, आरोग्य व शिक्षण ही प्रतिपालक कुटुंबाची जबाबदारी असते. समितीने दरमहा पाहणी करावी आणि भावंडांना शक्यतो एकत्र ठेवावे, असे कायदा सांगतो. आईवडील असमर्थ ठरल्यामुळे मूल दुसऱ्या घरी दिले असेल, तर समितीला हरकत नसल्यास ते ठरावीक काळाने त्याला भेटू शकतात, आणि पुढे मूल त्यांच्याकडे परतूही शकते. २०२२ च्या ‘मिशन वात्सल्य’ मार्गदर्शक सूचनांत अशा मुलासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. २०२४ मध्ये केंद्राने आदर्श मार्गदर्शक सूचना सुधारल्या. तेव्हापासून ३५ ते ६० वयोगटातील एकट्या व्यक्तींनाही प्रतिपालक होता येते, आणि मूल कायदेशीररीत्या दत्तकासाठी मुक्त असल्यास दोन वर्षांच्या संगोपनानंतर त्याला दत्तक घेण्याचा मार्ग खुला होऊ शकतो. पूर्वी ही अट पाच वर्षांची होती.

हा भेद प्रारंभीच सांगण्याचे कारण असे, की पुष्कळ निराशेचे मूळ येथेच असते. मूलबाळ नाही म्हणून आलेले दांपत्य मनाने दत्तकच घेत असते. मग मुलाची आई भेटीस आली की त्यांना ती परकी, किंबहुना प्रतिस्पर्धी वाटू लागते. आपण कोणाच्या तरी मुलाला त्याच्या अडचणीच्या काळात सांभाळीत आहोत, ही जाणीव ज्या घरात स्पष्ट असते, ते घर असे ताण अधिक सहजतेने पेलते.

संगोपन एका दिवसात मोडत नाही

प्रारंभीचे काही आठवडे मूल बहुधा पाहुण्यासारखे वागते. सांगितलेले ऐकते, ताटात वाढलेले निमूटपणे खाते. घरची मंडळी समाधान मानतात. त्यानंतर, थोडी सुरक्षितता वाटू लागली, की खरे प्रश्न वर येतात. उशीखाली चपाती लपवून ठेवणे, अंथरूण ओले करणे, क्षुल्लक गोष्टीसाठी खोटे बोलणे, शाळेत मारामारी, रात्री झोप न येणे. भूक सोसलेल्या मुलाला उद्याच्या जेवणाची खात्री नसते, म्हणून ते अन्न साठवते. एकदा सोडून दिले गेलेले मूल, ‘हेही मला सोडतील का?’ हे पाहण्यासाठी जणू मुद्दाम परीक्षा घेते. हा कृतघ्नपणा नव्हे. भीतीची ती भाषा असते. ती न समजल्यास घरातील माणसे दुखावतात व मनातल्या मनात माघार घेऊ लागतात.

याविषयी अमेरिकेतील सॅन डिएगो परिसरात झालेले एक संशोधन मननीय आहे. पॅट्रिशिया चेंबरलेन व सहकाऱ्यांनी ५ ते १२ वर्षे वयाच्या २४६ मुलांच्या पालकांना दूरध्वनी करून, गेल्या चोवीस तासांत ठरावीक यादीतील कोणती त्रासदायक वर्तने घडली, एवढेच विचारले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, दिवसाला सहापर्यंत वर्तने पालक सहन करीत होते. त्यापुढील प्रत्येक वाढीव वर्तनामागे, पुढील वर्षभरात संगोपन खंडित होण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी वाढत होता. म्हणजे सहनशक्तीची मर्यादा मोजता येते, आणि ती ओलांडली जाण्याआधी धोका ओळखताही येतो.

त्याच परिसरातील मुलांविषयी २००० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात आढळले, की प्रारंभी ज्यांच्या वर्तनात काहीच अडचण नव्हती, अशा मुलांतही वारंवार घर बदलल्यानंतर अडचणी निर्माण झाल्या. वाईट वागतो म्हणून घर सुटते, आणि घर सुटते म्हणून अधिक वाईट वागतो, असे हे दुष्टचक्र आहे. मोठ्यांनी वेळीच हात दिल्यावाचून ते थांबत नाही.

मूल येण्यापूर्वी

पहिली गरज सत्याची. मुलाने काय भोगले, त्याच्या आरोग्याच्या तक्रारी कोणत्या, ते कशाला घाबरते, हे कुटुंबाला आधीच कळले पाहिजे. ‘सांगितले तर कोणी नेणार नाही’ या भीतीने झाकलेली गोष्ट पुढे उघड होतेच, आणि तेव्हा कुटुंबाला फसवणूक झाल्यासारखे वाटते. मुलालाही त्याच्या वयानुरूप विचारावे, सांगावे. प्रथम भेट, मग एखादी दुपार, मग एक-दोन रात्री, अशा पायऱ्यांनी ओळख वाढवावी.

दुसरी गोष्ट घरातील स्वतःच्या मुलांची. ब्रिटनमध्ये रॉय पार्कर यांनी १९६६ मध्ये आणि डेव्हिड बेरिज व हेडी क्लीव्हर यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले, की कुटुंबातील मूल व आलेले मूल जवळपास एकाच वयाचे असल्यास संगोपन मोडण्याचा धोका वाढतो. तुलना, खेळण्यांवरून तंटे आणि आईच्या प्रेमाची वाटणी या गोष्टी मुलांना जड जातात. म्हणून वयात अंतर असलेले बरे. आणि अंतर असो वा नसो, घरच्या मुलांना विश्वासात घेतल्याशिवाय निर्णय करू नये.

मूल आल्यानंतर

आईवडिलांच्या भेटीनंतर मूल दोन-तीन दिवस चिडचिडे होते, रडते, जेवत नाही. अशा वेळी ‘भेटीच बंद करा’ अशी मागणी पुढे येते. भेटीत मुलाला इजा वा धमकी होत असेल, तर समितीला अवश्य कळवावे. परंतु केवळ रडणे हे भेट घातक असल्याचे लक्षण नव्हे. ते वियोगाचे दुःख आहे. भेटीनंतरचा दिवस मोकळा ठेवावा, नेहमीचा दिनक्रम पाळावा आणि मुलाच्या आईविषयी त्याच्यासमोर कटू बोलू नये.

साहाय्य मात्र कुटुंबाने हात टेकण्यापूर्वी पोहोचले पाहिजे. महिन्याच्या पाहणीत केवळ दप्तर व कपडे पाहून भागणार नाही. ‘या आठवड्यात सर्वांत कठीण काय गेले?’ असा साधा प्रश्न विचारला जावा. चेंबरलेन यांच्या चमूने त्यापुढे जाऊन प्रतिपालकांचे लहान गट केले. सोळा आठवडे ते आठवड्यातून एकदा भेटत आणि शिक्षेपेक्षा चांगल्या वागण्याची दखल घेण्याचा सराव करीत. अशा घरांतील मुलांच्या वर्तनाच्या तक्रारी घटल्या, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसून आले.

विसाव्याचीही सोय हवी. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात २००४ पासून ‘मॉकिंगबर्ड’ नावाची पद्धत चालू झाली. सहा ते दहा प्रतिपालक कुटुंबे एका अनुभवी घराभोवती जोडली जातात. थकलेल्या पालकांचे मूल एखाददुसरा दिवस त्या ओळखीच्या घरी राहते आणि पुन्हा आपल्या घरी येते. आपल्याकडे मुले सुटीत मावशीकडे वा आजोळी जातात, त्याचाच हा प्रकार. आपल्या धर्मग्रामांतही हे अशक्य नाही. मात्र मूल कोणाकडे राहणार, हे जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या संमतीने आधी ठरलेले असावे.

निरोप द्यावाच लागला तर

सर्व प्रयत्नांनंतरही काही संगोपने थांबतात. मूल असुरक्षित असेल, तर ती थांबलीच पाहिजेत; तेथे टिकवण्याचा आग्रह हा अपराध ठरेल. अन्य वेळी मात्र रागाच्या भरात, एका रात्रीत मुलाला बाहेर काढू नये. समितीला कळवून बदलास अवधी द्यावा. कारण मुलाला खरे, पण त्याच्यावर दोष न येईल असे सांगावे. त्याचे कपडे, वह्या, छायाचित्रे त्याच्याबरोबर द्यावीत, आणि मुलाच्या हिताचे असेल तर पुढेही भेट ठेवावी.

वाचकांपैकी प्रत्येकास प्रतिपालक होणे शक्य नाही. परंतु शेजारी म्हणून एखाद्या दुपारी मुलाला अभ्यासास बसवणे, शिक्षक म्हणून तक्रारीच्या चिठ्ठीआधी घरी एकदा बोलणे आणि ‘परक्याच्या मुलासाठी कशाला एवढा त्रास?’ असे न विचारणे, इतके आपल्या हाती आहे. प्रतिपालकांना आमची एकच कळकळीची विनंती आहे. संतापाच्या कोणत्याही क्षणी ‘नीट वागला नाहीस तर परत पाठवू’ हे वाक्य उच्चारू नये. मुलाच्या मनात ती भीती आधीच असते. आपल्या तोंडून ती ऐकली, की ते स्वतःच निघण्याची तयारी करू लागते. त्याऐवजी तक्रार समितीकडे आणि जिल्हा कक्षाकडे न्यावी, लवकर न्यावी, आणि ती नेण्यात कमीपणा मानू नये.