‘तस्करी’ म्हणजे नेमकं काय? सोनं, दारू, वाळू आणि माणसं... सगळ्यांना एकच शब्द का लावला जातो?

विमानतळावर प्रवाशाच्या बुटात सोनं सापडलं, की बातमी येते ‘सोन्याची तस्करी’. बांद्याजवळ गोवा बनावटीच्या दारूचा टेम्पो पकडला, की ‘दारूची तस्करी’. नदीतून रात्री वाळू उपसली तर ‘वाळू तस्करी’. आणि घरचे चकल्यांचा डबा हॉस्टेलच्या खोलीत लपवून नेला, तर मित्र हसत म्हणतात, “काय रे, स्मगलिंग चालू आहे का?”

एकच शब्द आपण इतक्या ठिकाणी वापरतो. पण कायद्याच्या भाषेत या सगळ्या गोष्टी एक नाहीत. हा फरक माहीत नसेल तर नुकसान होऊ शकतं. कधी आपलं, कधी दुसऱ्याचं.

शब्द आला कुठून?

‘तस्कर’ हा मूळ संस्कृत शब्द. त्याचा जुना अर्थ साधा आहे: चोर. सीमा, कर, कस्टम यांच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. आधुनिक काळात ‘स्मगलर’ला देशी शब्द हवा होता, तेव्हा ‘तस्कर’ त्या जागी बसला आणि त्याच्या धंद्याला ‘तस्करी’ म्हटलं जाऊ लागलं.

इंग्रजीतला ‘स्मगल’ हा शब्दही बाहेरूनच आलेला आहे. डच आणि उत्तर जर्मनीच्या बोलीतून तो १७व्या शतकात इंग्रजीत शिरला. कर चुकवून, लपूनछपून माल आणणं किंवा नेणं, हा त्याचा मूळ अर्थ.

म्हणजे बघा, चोर दुसऱ्याची वस्तू पळवतो. स्मगलरकडचा माल मात्र अनेकदा पैसे मोजून घेतलेला असतो. त्याचा गुन्हा असतो तो माल सरकारचा डोळा चुकवून सीमेपार करण्याचा. मराठीत दोघांसाठी एकाच मुळाचा शब्द आला आणि हा फरक थोडा पुसला गेला.

कायदा काय म्हणतो?

भारतात स्मगलिंगची व्याख्या सीमाशुल्क कायदा, १९६२ मध्ये आहे. कलम २(३९) नुसार, ज्या कृतीमुळे किंवा जे करायला हवं होतं ते न केल्यामुळे एखादा माल जप्तीला पात्र ठरतो, ती कृती किंवा ती चूक म्हणजे स्मगलिंग. आयातीसाठी कलम १११ आणि निर्यातीसाठी कलम ११३ पाहिलं जातं.

यातला ‘न केल्यामुळे’ हा भाग महत्त्वाचा आहे. माल लपवलाच पाहिजे असं नाही. जो माल जाहीर करायचा होता तो जाहीर न करणंही यात येऊ शकतं.

विमानतळावर हिरवा आणि लाल असे दोन मार्ग असतात, ते याचसाठी. जाहीर करण्यासारखं काही नसेल तर हिरवा. शुल्क लागणारी वस्तू असेल तर लाल. एक वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून परतणाऱ्या भारतीय पुरुषाला २० ग्रॅम आणि महिलेला ४० ग्रॅमपर्यंत दागिने शुल्काशिवाय आणता येतात. ही सवलत दागिन्यांना आहे, सोन्याच्या बिस्किटांना नाही. जास्त सोनं घेऊन हिरव्या मार्गाने बाहेर पडणारा माणूस “मी लपवलं कुठे?” असं म्हणू शकतो, पण कायदा ते ऐकून घेईलच असं नाही.

आणखी एक गोष्ट. सोनं स्मगलिंगचं असल्याच्या रास्त संशयावरून जप्त झालं, तर ते तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १२३ नुसार ज्याच्याकडे सापडलं त्याच्यावर येते. गंभीर प्रकरणात ७ वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.

मग लोक हे करतात कशासाठी?

उत्तर करात आहे. समजा, १ कोटी रुपयांचं सोनं आणायचं आहे. जुलै २०२२ मध्ये सोन्यावरचं आयात शुल्क सुमारे १५ टक्के झालं. म्हणजे कर चुकवला तर सरळ १५ लाखांचा फायदा. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ते ६ टक्क्यांवर आणलं गेलं. फायदा एकदम ६ लाखांवर आला. शुल्क वाढलं की चोरटी आयात परवडते, कमी झालं की धोका पत्करण्यात राम राहत नाही.

मुंबईने हे गणित फार जवळून पाहिलं आहे. १९६० आणि ७० च्या दशकात परदेशी मालावर कडक बंधनं होती. घड्याळं, ट्रान्झिस्टर, नायलॉनचं कापड आणि सोनं आखाताकडून होड्यांमधून किनाऱ्यावर उतरायचं. हाजी मस्तानचं नाव त्याच काळात गाजलं. मनीष मार्केट आणि मुसाफिरखाना भागात ‘फॉरेनचा माल’ मिळायचा. तेव्हा ‘स्मगलिंगचा माल’ म्हणजे भारी माल, असा जवळपास कौतुकाचा अर्थ लोकांच्या बोलण्यात होता. १९७४ मध्ये सरकारने ‘कोफेपोसा’ कायदा आणला आणि स्मगलरना खटल्याआधीच स्थानबद्ध करण्याचा मार्ग खुला झाला.

या कौतुकाची किंमत पुढे कळली. १९९३ च्या सुरुवातीला रायगड जिल्ह्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरलं. वाट तीच होती, ज्या वाटेने वर्षानुवर्षं सोनं आणि चांदी येत होती. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतल्या साखळी बॉम्बस्फोटांत २५७ माणसं मारली गेली. या खटल्यात कस्टमच्या काही अधिकाऱ्यांनाही शिक्षा झाली.

दारू, गुटखा, वाळू... ही पण तस्करीच?

रोजच्या भाषेत हो. पण कायदा प्रत्येकाचा वेगळा.

गोव्यातली दारू महाराष्ट्रात आणली तर देशाची सीमा ओलांडली जात नाही, त्यामुळे कस्टमचा प्रश्न येत नाही. तिथे महाराष्ट्र दारूबंदी कायदा लागतो आणि कारवाई राज्य उत्पादन शुल्क विभाग किंवा पोलीस करतात. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, म्हणून शेजारच्या राज्यातून येणारा गुटखा ‘तस्करी’चा ठरतो. वाळूच्या बाबतीत मुद्दा गौण खनिजाच्या बेकायदा उत्खननाचा आणि चोरीचा असतो. खवले मांजर, मांडूळ किंवा व्हेल माशाची ‘उलटी’ म्हणजे अंबरग्रीस पकडलं, तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो.

आणि काळाबाजार म्हणजे तस्करी नव्हे. माल साठवून टंचाईत चढ्या भावाने विकणं हा काळाबाजार. त्यात माल लपून कुठूनतरी आणलेला असेलच असं नाही.

माणसांच्या बाबतीत फरक सगळ्यात मोठा

‘मानवी तस्करी’ हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो.

पहिली: पैसे देऊन, स्वतःच्या इच्छेने दुसऱ्या देशात बेकायदा शिरणं. ‘डंकी’ मार्गाने अमेरिकेत जाणारे यात येतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला परत आणून सोडलं, तेव्हा या मार्गाची देशभर चर्चा झाली.

दुसरी: फसवून, धाक दाखवून किंवा मजबुरीचा फायदा घेऊन माणसाला शोषणासाठी नेणं. इथे सीमा ओलांडण्याची गरजच नाही. नोकरीचं आमिष दाखवून गावातल्या मुलीला शहरात नेऊन विकलं, तरी हा गुन्हा होतो. भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ याच गुन्ह्याचं आहे. महाराष्ट्र पोलीस यासाठी ‘अनैतिक मानवी वाहतूक’ असा शब्द वापरतात.

यातली मुलगी गुन्हेगार नाही, पीडित आहे. “तस्करीत सापडली” असं लिहिलं, की वाचणाऱ्याला ती त्या धंद्यातलीच वाटू शकते. “तिची सुटका झाली” असं लिहिलं, की चित्र स्पष्ट होतं.

फॉरवर्ड करण्याआधी

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा गाव. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा मोबाईलवरून पसरलेली होती. बाजारात आलेल्या भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या ५ जणांना जमावाने ठेचून मारलं. ते भिक्षा मागून पोट भरणारे होते.

म्हणून ‘तस्कर’, ‘टोळी’ असे शब्द कुणाच्या फोटोखाली लिहिण्याआधी थांबायला हवं. एखाद्याला पकडलं म्हणजे तो ‘आरोपी’ किंवा ‘संशयित’ असतो. तस्कर तो न्यायालयाने ठरवल्यावर. संशय असेल तर ११२ वर फोन करा, फोटो फिरवू नका.

आणि दुसरी काळजी स्वतःची. “एवढी पिशवी घेऊन जा, तिकडे माझा माणूस येऊन घेईल,” असं परदेशी जाता-येता कुणी म्हणालं, तर ओळखीचा असला तरी नाही म्हणा. पिशवीत अमली पदार्थ निघाले तर “मला माहीत नव्हतं” हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं, आणि प्रमाण व्यावसायिक असेल तर भारतात किमान शिक्षा १० वर्षं आहे. पिशवी देणारा तेव्हा विमानतळावर नसतो. सापडतो तो पिशवी हातात असलेला.