मुका काटा

मालमोटारीच्या चालकापुढील फळीवर काटे अनेक असतात. परंतु घाट चढताना जाणत्या चालकाची नजर वारंवार वळते ती पाण्याच्या तपमानाच्या काट्याकडे. शिरपूरकडून इंदूरला येणाऱ्या भरल्या गाडीला आधी बिजासनचा आणि नर्मदा ओलांडल्यावर मानपूरचा घाट चढावा लागतो. अशा वेळी इंजिन किती तापले आहे, हे सांगणारा साक्षीदार तोच.

झिजलेले इंजिन काढून त्या जागी दुसरे बसविले की पुष्कळदा हा साक्षीदार मुका होतो. ‘गाडी चालते ना, मग काट्याचे काय?’ असे म्हणून मालक ती रस्त्यावर आणतो. मग एखाद्या चढावर पाणी आटते, हेड वाकते, गॅसकेट जळते आणि कर्जाच्या हप्त्यांवर उभा असलेला संसार गाडीबरोबर थांबतो.

या काट्याची रचना समजून घेणे अवघड नाही. इंजिनाच्या पाण्यात बुडालेला, पितळी आट्यांचा एक छोटा सेंडर असतो. त्याच्या पोटातील द्रव्याचा विद्युत्‌विरोध थंडपणी काही शे ओहम असतो. पाणी तापत जाते तसा तो उतरत जातो. विरोध उतरला की प्रवाह वाढतो आणि काटा वर चढतो. सेंडर व काटा ही जोडी एकमेकांसाठीच घडविलेली असते. नव्या इंजिनाचा सेंडर जुन्या काट्याला जोडला, तर काटा हलेल खरा. पण तो खरे बोलेलच असे नाही. आणि खोटे बोलणारा काटा मुक्या काट्याहून घातक! म्हणून जुना सेंडरच, आटे जुळत नसल्यास योग्य जोडणी घेऊन, नव्या इंजिनात बसवावा. अलीकडच्या इंजिनांत दोन तारांचा सेंडर असतो. तो इंजिनाच्या संगणकासाठी असतो. त्यालाच जुना काटा जोडू नये; दोघांचेही गणित बिघडते. काट्यासाठी सेंडर वेगळाच हवा.

काटा हलत नाही असे दिसताच तो बदलणे म्हणजे आजार म्हशीला आणि औषध पखालीला. आधी दोष कोठे आहे ते शोधावे. एका तारेच्या सेंडरची तार काढून, किल्ली फिरवून, ती क्षणभर इंजिनाच्या स्वच्छ धातूला टेकवावी. बहुतेक गाड्यांत काटा टोकापर्यंत चढतो. तसे झाले तर काटा, फ्यूज व वायर ठीक आहेत; दोष सेंडरमध्ये किंवा त्याच्या आट्यांवरील संपर्कात आहे. सेंडरला अर्थ मिळतो तो या आट्यांतूनच. गळती थांबविण्यासाठी त्यांवर जाड टेप गुंडाळली, की प्रवाहाची वाट अडते. काटा इंजिनाला टेकवून हलला नाही, पण बॅटरीच्या ऋण टोकाला टेकवून हलला, तर इंजिनाची अर्थपट्टी पाहावी. इंजिन रबरी आधारांवर बसलेले असल्याने, इंजिन बदलताना ही पट्टी सैल वा गंजकी राहिली तर प्रवाहाला परतीचा सरळ मार्ग उरत नाही. दोन्हीकडे काटा निश्चल राहिला, तरच फ्यूज, वायर आणि शेवटी काटा तपासावा. बारा व्होल्टचा काटा चोवीस व्होल्टच्या गाडीला मात्र कधीही लावू नये.

सेंडरची परीक्षा उकळत्या पाण्यात होते. त्याचे पितळी टोक थर्मामीटरसह पाण्यात धरावे, तारेचे टोक कोरडे ठेवावे आणि मल्टिमीटरवर विरोध उतरताना पाहावा. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांवर असल्याने येथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते, हे ध्यानी ठेवावे. या कामाचे भांडे मात्र स्वयंपाकघरात परत नेऊ नये. सेंडरला लागलेले कूलंट चवीला गोड, पण विषारी असते. उरलेले कूलंटही मुलांच्या व जनावरांच्या तोंडी लागणार नाही, अशा जागी ठेवावे.

सेंडरची जागाही महत्त्वाची. तो थर्मोस्टॅटच्या अलीकडे, म्हणजे इंजिनाच्या बाजूस, आणि सदैव पाण्यात बुडालेला हवा. पाणी भरताना आत हवा अडकली अथवा वाटेत पाणी गळून गेले, तर सेंडर कोरडा पडतो आणि इंजिन जळत असताना काटा खाली उतरतो. तेव्हा चढावर काटा एकाएकी घसरला, तर आनंद मानू नये. गाडी बाजूला घ्यावी. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये आणि तापल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये; पहिल्याने अंग भाजते, दुसऱ्याने इंजिनाला तडा जातो.

काम संपल्यावर गाडी उभी ठेवूनच इंजिन तापवावे आणि काटा हळूहळू चढून मध्याशी स्थिरावतो का, ते पाहावे. बदललेल्या इंजिनाच्या क्रमांकाची परिवहन कार्यालयातील नोंदही विसरू नये. कारागिराच्या या तासाभराच्या कामाला फारसे मोल मिळत नाही. परंतु रात्रीच्या घाटात एकट्या चालकाला वेळीच सावध करणारा सोबती तो त्याच तासात परत मिळवून देत असतो.