न उलगडता वाचलेला ग्रंथ : सिंक्रोट्रॉन-प्रकाश आणि पाठचिकित्सा

पोथी उघडता येते, हे पाठचिकित्सेचे न बोलता धरलेले पहिले गृहीतकृत्य होय. हर्क्युलेनियमच्या पपायरस-गुंडाळ्यांपुढे ते लंगडे पडले. इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात या गुंडाळ्या कोळशासारख्या झाल्या. अठराव्या शतकाच्या मध्यास उत्खननात त्या हाती आल्या. परंतु उलगडू जाता त्यांपैकी कित्येकांचा चुरा झाला. ज्या शिल्लक राहिल्या त्यांचे वाचन आता न उलगडताच होऊ लागले आहे. त्यामागील प्रकाश कोणता आणि त्याने दिलेल्या पाठावर कितपत विसंबावे, याचा विचार भाषेच्या अभ्यासकानेही करावयास हवा.

प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावणारा इलेक्ट्रॉन चुंबकाच्या प्रभावाने वळला की, वळणाच्या स्पर्शरेषेत तो प्रकाश फेकतो. 1947 साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत, यंत्राची नळी काचेची असल्यामुळे, हा प्रकाश प्रथम डोळ्यांना दिसला. कणांना वेग देऊ पाहणाऱ्यांच्या दृष्टीने तो ऊर्जेचा निव्वळ अपव्यय होता! पुढे याच अपव्ययासाठी मोठमोठी वलये बांधली गेली. फ्रान्समधील ग्रनोबल येथील वलयाचा परीघ 844 मीटर असून त्यात इलेक्ट्रॉन सेकंदाला साडेतीन लाखांहून अधिक फेऱ्या मारतात. चुंबकांची रचना बदलून तेथील इलेक्ट्रॉन-झोत अधिक बारीक करण्यात आला आणि 2020 साली ते नव्या रूपात संशोधकांसाठी खुले झाले. आपल्याकडे इंदूर येथे इंडस-2 हे क्ष-किरण देणारे वलय आहे.

या प्रकाशाचे दोन गुण आपल्या कामाचे आहेत. हव्या त्या ऊर्जेचे किरण त्यातून निवडता येतात, हा पहिला. आर्किमिडीजच्या ग्रंथांची दहाव्या शतकातील एक प्रत खरवडून तिच्या चर्मपत्रांवर 1229 साली प्रार्थना लिहिण्यात आल्या, आणि विसाव्या शतकात काही पानांवर बनावट चित्रेही चढविण्यात आली. मूळ शाईत लोखंड होते. 2005 पासून स्टॅनफर्ड येथे लोखंडाच्या अणूंना उद्दीपित करतील असे क्ष-किरण त्या पानांवरून फिरविण्यात आले. अणूंनी परत दिलेल्या किरणांवरून चित्राखालची अक्षरे टिपता आली.

हर्क्युलेनियमची शाई मात्र मुख्यतः काजळीची; आपल्या जुन्या पोथ्यांची असते तशीच. कोळसा झालेल्या पानावर काजळीचे अक्षर! क्ष-किरण दोघांत जवळजवळ सारखेच शोषले जातात. येथे दुसरा गुण उपयोगी पडतो. या झोतातील तरंग बऱ्याच अंशी एकमेकांशी सुसंगत असतात. म्हणून पदार्थातून जाताना त्यांच्या कलेत पडणारा सूक्ष्म फरकही नोंदता येतो, आणि गुंडाळी फिरवीत घेतलेल्या असंख्य प्रतिमांतून तिचे आतील छेद उभे करता येतात. पॅरिसच्या एका संस्थेच्या मालकीची गुंडाळी 2019 साली इंग्लंडमधील डायमंड या केंद्रात अशी तपासली गेली. त्या प्रतिमांतील लहानात लहान घटक सुमारे आठ मायक्रोमीटरचा होता.

तरीही अक्षर आपोआप दिसले नाही. पानांचे गुंतलेले थर संगणकावर एकेक करून सोडवावे लागले. 2023 साली केसी हँडमर यांना नुसत्या डोळ्यांनी काही ठिकाणी वाळलेल्या चिखलाला पडतात तशा तड्यांची पोत आढळली. ती शाई होती. या पोतीच्या आधारे ल्यूक फॅरिटर या विद्यार्थ्याने संगणकाला शाई ओळखावयास शिकविले, आणि त्याच वर्षी ‘जांभळा’ या अर्थाचा ग्रीक शब्द वाचला गेला. फेब्रुवारी 2024 मध्ये दोन हजारांहून अधिक अक्षरांचा पाठ जाहीर झाला. त्यात सुखाची चर्चा आहे. दुर्मिळ वस्तू विपुल वस्तूंपेक्षा अधिक सुख देते काय, असा प्रश्न तेथे विचारलेला आहे.

आता आपल्या शास्त्राची शंका. लेखनिकाची नजर एका ओळीवरून दुसरीवर घसरते आणि मधला मजकूर गळतो, हा दोष आपल्या परिचयाचा आहे. येथे संगणकाची रेघ एका थरावरून शेजारच्या थरावर घसरू शकते, आणि भिन्न स्तंभांतील अक्षरे शेजारी येऊन बसतात. याहून गंभीर भय असे की, ग्रीक अक्षरांची वळणे ठाऊक असलेले यंत्र नसलेले अक्षरही ‘पाहील’. यावर योजलेला उपाय मला मार्मिक वाटतो. यंत्रास एका वेळी अक्षराहूनही लहान तुकडा दाखविला जातो. म्हणजे तेथे शाई आहे की नाही एवढेच ते सांगू शकते, अक्षर कोणते हे नव्हे. अक्षर ओळखणे पपायरस-तज्ज्ञांकडेच राहिले. यापुढे संपादकाने पाठाबरोबर थर कसा सोडविला, यंत्र कशावर शिकविले, कोणते अक्षर संदिग्ध राहिले, हेही छापावे. नुसते गुळगुळीत चित्र छापणे म्हणजे पाठभेद न देता संहिता छापण्यासारखेच होय.

ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातील गुंडाळी 2024 साली डायमंड येथेच तपासली गेली. आपल्या पोथीत ग्रंथाचे व कर्त्याचे नाव शेवटच्या पुष्पिकेत असते. गुंडाळीत हा शेवट सर्वांत आतल्या वेढ्यात जातो, आणि बाहेरचे वेढे झिजले तरी तो बहुधा सुरक्षित राहतो. मे 2025 मध्ये त्या आतल्या वेढ्यात फिलोडेमसचे नाव आणि ‘दुर्गुणांविषयी’ हे शीर्षक सापडले. तोपर्यंत ही गुंडाळी 172 या क्रमांकाने ओळखली जात असे.