दूरच्या गिऱ्हाइकाचा विश्वास
(ऑनलाइन गूळविक्री करणाऱ्या सभासदांसाठी)



गट सभांमध्ये लागण, खोडवा, बेणे, हुमणी, पाण्याची पाळी हे आपले नेहमीचे विषय. अलीकडे त्यात एका नव्या विषयाची भर पडली आहे. सभा संपता संपता एखादा तरुण सभासद विचारतो, "साहेब, गूळ आणि काकवी ऑनलाइन विकायची म्हणतोय. जमेल का?" आमचे उत्तर असते, दुकान उघडणे जमेल, ते चालवणे तुमच्या वागण्यावर आहे. फोनवरचे दुकान दोन दिवसांत उभे राहते. गिऱ्हाईकही एकदा येते. पण ते दुसऱ्यांदा येते का, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर तंत्रात नसून सचोटीत आहे. या लेखात त्याचाच विचार करू.

आधी एक खुलासा. कारखान्याकडे नोंदवलेला ऊस कारखान्यालाच द्यावयाचा आहे. तो गुऱ्हाळाकडे वळवावा, असा अर्थ या लेखातून कोणी काढू नये. ज्यांची पूर्वापार गुऱ्हाळे आहेत, किंवा जे नोंदीबाहेरच्या थोड्या उसाचा गूळ करतात, त्यांच्यासाठी हे लिहिले आहे. हळद, तांदूळ, शेंगा विकणाऱ्यांनाही यातले बरेचसे लागू पडेल.

काट्यावरचा न्याय

गिऱ्हाइकाच्या मनात काय चालते, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला कळायला नको. गाडी काट्यावर चढली की आपली नजर आकड्यावर असते. पावती हातात पडेपर्यंत चैन नसते. उतारा किती बसला, हे आपण वार्षिक सभेत उभे राहून विचारतो. बिल वेळेवर मिळावे म्हणून १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने १४ दिवसांची मुदत घातली, ती आपल्याला तोंडपाठ आहे. आपला ऊस एकदा गव्हाणीत पडला की परत येत नाही, म्हणून ही सगळी काळजी.

पुण्या-मुंबईतली एखादी बाई आपल्या फोनवरच्या दुकानातून गूळ मागवते, तेव्हा ती नेमकी आपल्या जागी असते. तिने ढेप पाहिलेली नाही, खडा जिभेवर ठेवलेला नाही, वजन डोळ्यांसमोर झालेले नाही. पैसे मात्र आधी गेलेले आहेत. म्हणजे आपण कारखान्याकडे जो न्याय मागतो, तोच ती आपल्याकडे मागते : वजन खरे, माल सांगितल्यासारखा, आणि शब्द दिल्या दिवशी.

सहकाराचा जन्मही याच मागणीतून झाला. इंग्लंडमधील रॉचडेल गावच्या विणकरांनी २१ डिसेंबर १८४४ रोजी आपले दुकान उघडले, तेव्हा त्यात लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या एवढाच माल होता. पण त्या काळी खाण्याच्या वस्तूंत भेसळ सर्रास चाले आणि मापही कमी भरे. शुद्ध माल आणि पुरे वजन, हा त्यांनी नियमच केला. त्यावर ते दुकान टिकले आणि जगभर सहकार पसरला. दुकान आज फोनमध्ये गेले आहे, नियम तोच आहे.

फोटो आणि वर्णन

दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, ही म्हण ऑनलाइन विक्रीला तंतोतंत लागू आहे. कार्यक्षेत्रातील एका तरुण सभासदाने दिवाळीत गूळ पाठवला. फोटो दिव्याच्या उजेडात काढलेला, त्यात ढेप पिवळीधमक दिसत होती; घरी पोचली ती तांबूस-तपकिरी. गूळ उत्तम होता, रसायनाचा थेंब नव्हता. तरी तक्रारी आल्या, कारण डोळ्यांना एक दाखवले आणि हातात दुसरे दिले. पुढे त्याने दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर ढेप ठेवून फोटो काढला आणि खाली चार ओळी लिहिल्या. त्या फोटोनंतर रंगाची तक्रार आली नाही.

त्या चार ओळी कोणत्या? शहरातल्या माणसाला वाटते, पिवळा गूळ चांगला आणि काळसर गूळ हलका. त्याला सांगावे लागते की गुळाचा रंग उसाची जात, जमीन, खत, रसाची साफसफाई आणि आच यांवर ठरतो. हायड्रोस टाकून आणलेला उजळपणा टिकाऊ नसतो, साठवणीत रंग मागे येतो. आपण मळी काढायला रानभेंडी वापरतो की चुना, ऊस को ८६०३२ चा की को ९२००५ चा, गूळ कोणत्या महिन्यात काढला, हे खरे खरे लिहावे. कोल्हापूरच्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्राने गुळाच्या जाती आणि रस शुद्धीकरण यांवर बरेच काम केले आहे; तेथे शिकलेले तुम्ही करत असाल तर तेही लिहा. अशी माहिती वाचली की गिऱ्हाइकाला कळते, हा माणूस स्वतः चुलवाणापाशी उभा राहतो.

तीन गोष्टी मात्र लिहू नयेत. एक, गूळ मधुमेह्यांना चालतो असे म्हणू नये. गुळातही मुख्यत्वे साखरच असते आणि त्याने रक्तातली साखर वाढते. हे लिहिणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ. दोन, 'सेंद्रिय' हा शब्द उगाच छापू नये. त्यासाठी प्रमाणपत्राची रीतसर पद्धत आहे, ती पुरी करावी आणि मगच छापावे. तीन, दुसऱ्या गावचे नाव लावू नये. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्या क्षेत्राबाहेरच्या गुळावर ते नाव घालणे कायद्याला धरून नाही आणि आपल्याला शोभणारेही नाही. आपल्या गावचे नाव लिहा. चांगला माल दिला तर तेच नाव मोठे होते.

वजन आणि लेबल

काटा सरकारी शिक्का असलेला, वेळेवर पडताळणी केलेला हवा. एक किलो म्हणजे निव्वळ गूळ एक किलो. कागद, डबा, पिशवी वेगळी. आम्ही तर सांगतो, १० ग्रॅम जास्तच टाका. १०० पुड्यांमागे एक किलो गूळ जाईल, पण घरच्या काट्यावर वजन करून बघणारे गिऱ्हाईक कायमचे आपले होईल.

पुड्यावर काय छापावे, हे २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांत सांगितले आहे : उत्पादकाचे नाव व पूर्ण पत्ता, वस्तूचे नाव, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी फोन. खाण्याची वस्तू असल्याने अन्न सुरक्षा नोंदणीचा किंवा परवान्याचा १४ अंकी क्रमांकही लागतो. ऑनलाइन दुकानात यातील बहुतेक माहिती पडद्यावरही दाखवणे २०१८ पासून बंधनकारक आहे. याला कटकट समजू नका. अनोळखी माणसाला आपला पत्ता देणे म्हणजे "आम्ही पळून जाणारे नाही" असे सांगणे होय. जीएसटीची बाब उलाढालीप्रमाणे आणि विक्री कोणत्या मार्गाने होते त्याप्रमाणे बदलते, ती आपल्या हिशेबनिसाला विचारूनच ठरवावी.

बांधणी आणि पाठवणी

गूळ हवेतला ओलावा ओढतो. पावसाळ्यात नुसत्या कागदात बांधलेली ढेप वाटेतच पाझरते आणि खोके चिकट होऊन पोचते. म्हणून आतून हवाबंद प्लास्टिक, बाहेरून जाड खोके, आणि सांदीत कागदाचे बोळे. शक्य तर पाच-दहा किलोच्या ढेपेऐवजी अर्धा किंवा एक किलोचे तुकडे करावेत. काकवीचे आणखी जपावे लागते. पुरती न आटवलेली काकवी आंबते, वायू धरते आणि बाटलीचे झाकण उडते. साधारण १०५ ते १०६ अंश सेल्सिअसला काकवी उतरवावी, थंड झाल्यावरच भरावी आणि चार-सहा दिवस घरी ठेवून पाहूनच पाठवावी.

खोके मापात असावे. कुरिअरवाले पुष्कळदा वजनाऐवजी आकारमानावर आकार लावतात : लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात. ३० × २० × २० चे खोके २.४ किलोचे धरले जाते, आत गूळ एक किलोच का असेना! हा खर्च पोटात घेऊन भाव ठरवावा, आणि पोचवणावळ किती हे आधीच दाखवावे. शेवटच्या पायरीला वाढीव रक्कम दिसली की गिऱ्हाईक तिथूनच परत फिरते.

पोचण्याचा दिवस सांगताना हात राखून सांगावा. सहा दिवस सांगून चौथ्या दिवशी पोचले तर आनंद. चार सांगून सहाव्या दिवशी पोचले तर शिव्या. दिवस तेवढेच, फरक शब्दाचा.

पैशाचा व्यवहार

नवे गिऱ्हाईक पुष्कळदा माल हातात पडल्यावर पैसे देऊ म्हणते. त्याचे चुकत नाही. पण समजा, एका पार्सलमागे तुम्हाला ३५ रुपये सुटतात आणि घेण्याचे नाकारल्यामुळे परत आलेल्या एका पार्सलचा जाण्या-येण्याचा व बांधणीचा खर्च १४० रुपये आहे. म्हणजे एका परतीत चार पार्सलांचा नफा गेला. म्हणून अशी मागणी आली की पाठवण्याआधी एक फोन करावा. आवाज ऐकला की निम्मा अविश्वास तिथेच जातो, आणि खोटी मागणीही कळते.

फसवणारे दुसऱ्या बाजूलाही असतात. मोठी ऑर्डर देतो म्हणून कोणी कोड पाठवतो, "स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील" म्हणतो. ध्यानात ठेवा : यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. घरातल्या सर्वांना हे सांगून ठेवा.

तक्रार आली तर

तक्रार येणारच. ढेप फुटेल, मुंगी लागेल, पत्ता चुकेल. दुकानाची परीक्षा इथेच होते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि एका महिन्यात तिचा निकाल लावावा लागतो. माल खराब असेल किंवा जाहिरातीप्रमाणे नसेल, तर परत घेण्यास नकार देता येत नाही. ही कायद्याची मर्यादा झाली. आपण त्याच दिवशी उत्तर द्यावे. "फोटो पाठवा, उद्या दुसरी ढेप निघेल," एवढे म्हटले तरी समोरचा माणूस निवळतो. वाद घालून ९० रुपयांची ढेप वाचते, पण गिऱ्हाईक, त्याची बहीण आणि शेजारीण अशी तीन घरे जातात.

अभिप्रायांचेही तसेच. मेव्हण्या-पाहुण्यांकडून खोटी स्तुती लिहवून घेणे त्याच नियमांनी मना केले आहे. शिवाय लोक खुळे नाहीत, सगळीकडे सारखीच पाच चांदण्यांची स्तुती दिसली की त्यांना वास येतो. एखादा वाईट अभिप्राय तसाच राहू द्यावा आणि त्याखाली आपण काय केले ते नम्रपणे लिहावे. नव्या गिऱ्हाइकाला त्या उत्तरावरून माणूस कळतो.

सुरुवात कशी करावी

एकदम मोठी उडी नको. पहिल्या हंगामात एकच जिन्नस, ओळखीच्या २५-३० घरी पाठवा. कोणाला काय पाठवले, कधी पोचले, काय बोलले, याची वही ठेवा. दुसऱ्यांदा किती जणांनी मागवले, हा आकडा म्हणजे तुमचा उतारा. तो कमी भरला तर जाहिरातीवर पैसे घालू नका, मालाकडे आणि बांधणीकडे पाहा. एकट्याला झेपत नसेल तर चार-पाच गुऱ्हाळवाल्यांनी मिळून करावे. मात्र मग प्रत्येक ढेप तपासल्याशिवाय पुड्यात जाऊ नये, कारण एकाचा आंबट गूळ पाचांचे नाव घालवतो.

नाव घालवणे सोपे आहे. बाजार समितीत एक गाडी खराब निघाली तर अडत्या तेवढ्या गाडीचा भाव पाडतो. ऑनलाइन मात्र तक्रार वर्षानुवर्षे लिहिलेली राहते आणि गावच्या नावासकट राहते. ज्या मुलांना शेतीत राहायचे आहे, ज्यांच्या वाट्याला दीड-दोन एकरच आले आहे, त्यांच्यासाठी ही विक्री मोठा आधार होऊ शकते. तेव्हा ही वाट पहिल्यांदा चालणाऱ्यांनी ती मागच्यांसाठी खराब करू नये, एवढीच आमची विनंती आहे.

लेबलावर छापावयाच्या मजकुराचा नमुना शेतकी खात्याच्या सर्व गट ऑफिसांत ठेवला आहे. सभासदांनी येऊन पाहावा, शंका विचाराव्यात.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते